मोटारसायकलीचा एकांतरा ताप

सिकंदराबादेत कामधंद्यासाठी मोटारसायकल बाळगणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार वरचेवर ऐकू येते. गाडी सोमवारी सकाळी बटण दाबताच चालू होते, मंगळवारीही होते. बुधवारी संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मात्र बटण दाबावे तो आतून नुसता 'टक्' असा आवाज येतो आणि सारे स्तब्ध. गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्यावी, तर तो बॅटरी चार्ज करतो, इंजिन चालू करून मीटर लावतो आणि सांगतो, "चार्जिंग अगदी ठीक आहे, साहेब." त्याचे हे सांगणे खोटे नसते. त्या घटकेला चार्जिंग खरोखरीच ठीक असते. पुढे आठ दिवस काही होत नाही. नवव्या दिवशी रात्री अलवालच्या वाटेवर हेडलाइट हळूहळू पिवळा पडू लागतो, हॉर्न घोगरा होतो, आणि दोन लॉऱ्यांच्या मधोमध इंजिन बंद पडते. इंधन फवारणारा पंप विजेवर चालतो अशा आजकालच्या गाड्यांत तर व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरले की गाडी पुढे रेटण्याचा कोणताच उपाय उरत नाही. किक मारून उपयोग नाही, धक्का देऊनही उपयोग नाही.

यानंतर जे घडते ते ठरलेलेच. प्रथम नवी बॅटरी येते. महिन्याभराने राणीगंजच्या बाजारातून नवा रेग्युलेटर येतो. मग इंजिनाचे झाकण उघडून कॉइल बदलली जाते. तीन वेळा पैसे गेले, तीन धडधाकट भाग भंगारात गेले, आणि दोष होता तेथेच आहे. ज्याला महिन्याच्या पगारातून हा खर्च भागवावयाचा असतो त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

जो बिघाड सदैव असतो तो शोधणे सोपे. जो येतो आणि जातो तो शोधणे अवघड. वैद्यकातही हीच अडचण होती. हिवतापाचा रोगी एका दिवशी थंडीने कुडकुडत असतो आणि दुसऱ्या दिवशी अंगणात हिंडताना दिसतो. जुन्या लोकांनी त्या तापास 'एकांतरा' असे नाव दिले. या तापाचे जंतू रोग्याच्या रक्तात असतात हे लाव्हेरान या फ्रेंच डॉक्टराने १८८० साली पाहिले होते. पण ते एका माणसातून दुसऱ्यात जातात कसे, या कोड्याचा निर्णायक धागा सापडला तो सिकंदराबादेतच. बेगमपेठ येथे रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराने २० ऑगस्ट १८९७ रोजी एका डासाच्या जठराच्या भिंतीत ते जंतू पाहिले. त्याआधी जवळजवळ दोन वर्षे तो भलत्याच जातीचे डास चिरून पाहत होता. त्याचे हात कुशल होते. फक्त पाहण्याची जागा चुकत होती. मोटारसायकलीच्या चार्जिंगच्या बाबतीत बहुतेक मिस्त्र्यांचे असेच होते. ते वस्तू तपासतात, आणि दोष बहुधा दोन वस्तूंच्या मधल्या सांध्यात असतो.

यासाठी व्यवस्था कशी चालते हे थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला असता तारेत वीज उत्पन्न होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखविले. मोटारसायकलीत इंजिनाच्या दांड्यावर चुंबकांचे चाक बसविलेले असते आणि ते स्थिर वेटोळ्यांभोवती फिरते. त्यातून निघणारी वीज उलटसुलट वाहणारी असते. तिला एकाच दिशेने वळविण्याचे काम रेक्टिफायर करतो, आणि ती प्रमाणाबाहेर चढू न देण्याचे काम रेग्युलेटर करतो. अलीकडे हे दोन्ही भाग पंख असलेल्या एकाच ॲल्युमिनियमच्या डबीत असतात. तेथून वीज बॅटरीत जाते. बॅटरी ही केवळ कोठी होय. कोठीत धान्य येत नसेल तर कोठी बदलून काय होणार!

सिकंदराबादच्या छावणीच्या रस्त्यांना बुलेट गाडीचा आवाज फार वर्षांचा परिचित आहे. १९५५ साली मद्रासच्या मद्रास मोटर्सने इंग्लंडमधील रेडिचच्या कंपनीशी भागी करून एन्फील्ड इंडिया स्थापन केली आणि ही गाडी येथे तयार होऊ लागली. जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या टोपणावर एक चिमुकला अँमीटर असे. काटा उजवीकडे झुकला की वीज बॅटरीत जात आहे, डावीकडे झुकला की बाहेर पडत आहे, हे चालविणाऱ्यास रस्त्यावरच कळे. खड्ड्यात चाक आपटताच काटा डावीकडे उडी मारून परत आला, तर सांधा सैल आहे हे शाळकरी पोरही सांगू शके. बहुतेक नव्या गाड्यांवर हा साक्षीदार राहिलेला नाही. त्याच्या जागी आकर्षक आकडे आणि चित्रे आली. पण चार्जिंगचे काय चालले आहे हे ती सांगतीलच असे नाही.

त्या बुलेटची विद्युत् व्यवस्था प्रथम सहा व्होल्टची होती, पुढे ती बारा व्होल्टची झाली. या फरकाचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. साठ वॅटचा भार असेल तर सहा व्होल्टला दहा अँपिअर प्रवाह लागतो आणि बारा व्होल्टला पाचच. वाटेतल्या एखाद्या कळकलेल्या सांध्याने एक दशांश ओहम इतका अडथळा केला असे समजा. दहा अँपिअरला तेथे एक व्होल्ट गळतो, म्हणजे सहातला एक. पाच अँपिअरला गळतो अर्धा व्होल्ट, तोही बारातला. जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांचे दिवे मिणमिणते असत, त्याचे बरेचसे रहस्य या साध्या गुणाकारात आहे. मात्र नव्या गाडीतही चार्जिंगच्या मुख्य तारेतून कधी कधी दहा अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह वाहतो, आणि तेव्हा तो एक दशांश ओहमचा अडथळा पुन्हा एक व्होल्ट खातो. रेग्युलेटरच्या तोंडाशी १४.२ व्होल्ट असतात आणि बॅटरीपाशी पोचतात १३.२. एवढ्याने गाडी त्या दिवशी बंद पडत नाही. पण बॅटरी पुरती भरत नाही, आणि रोज थोडी थोडी उपाशी राहते. शिवाय गळालेला व्होल्ट नाहीसा होत नाही. दहा अँपिअर आणि एक व्होल्ट मिळून दहा वॅटची उष्णता त्या चिमुकल्या सांध्यात निर्माण होते. वळण दाखविणाऱ्या दिव्यातला बल्ब पुष्कळदा दहा वॅटचाच असतो. तो बल्ब प्लॅस्टिकच्या जोडात कोंडून ठेवला तर काय होईल, याची कल्पना करावी. जोड तपकिरी होतो, आतल्या पत्तीची पकड ढिली पडते, अडथळा वाढतो, आणि वाढलेल्या अडथळ्याने उष्णता आणखी वाढते.

येथेच मिस्त्रीची फसगत होते. तो गाडी बंद करून मीटरने त्या तारेचा अडथळा मोजतो आणि मीटर शून्य दाखविते. वस्तुतः मीटर त्या तारेतून अगदी नाममात्र प्रवाह सोडते. तारेतील बारीक धाग्यांपैकी एकच शाबूत असला तरी तेवढा प्रवाह सुखाने पलीकडे जातो. पायवाटेवरून एक माणूस गेला म्हणजे तेथून लॉरी जाईल असे नव्हे. तेव्हा तारेची परीक्षा भार वाहताना घ्यावयाची. इंजिन चालू ठेवावे, हेडलाइट लावावा, मीटर व्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटीला आणि दुसरे रेग्युलेटरमधून निघणाऱ्या तारेला लावावे. मधला रस्ता निर्दोष असेल तर मीटर व्होल्टचा एकदोन दशांश दाखवील. अर्धा किंवा एक व्होल्ट दिसला, तर चोर त्या दोन टोकांच्या मध्ये आहे हे निश्चित. मग एक टोक जोडाजोडाने पुढे सरकवीत न्यावे. ज्या जोडापाशी आकडा एकदम बदलतो तेथेच थांबावे. हीच परीक्षा ऋण बाजूची: एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला. चेसिसला नवा रंग दिल्यावर चार्जिंगची तक्रार सुरू झाली असे कोणी सांगितले, तर प्रथम अर्थिंगच्या कड्याखालचा रंग खरवडून पाहावा. रंगाऱ्याचा हात साफ असतो, पण विजेची वाट त्याला ठाऊक नसते.

या साऱ्याच्या आधी एक गोष्ट झाली पाहिजे: बॅटरी पूर्ण भरून घेणे व तिची परीक्षा करणे. अर्धमेल्या बॅटरीवर केलेल्या बाकीच्या सर्व परीक्षा दिशाभूल करतात. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी रात्रभर विसावल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. बारावर आली म्हणजे ती जवळजवळ रिकामी झाली असे समजावे. सेल्फचे बटण दाबताना तिचे व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये. कधी कधी बॅटरीच्याच आतला जोड तडकलेला असतो. थंडपणी तो टेकलेला राहतो आणि गचका बसला की सुटतो. असा दोष फारसा आढळत नाही, पण आढळला म्हणजे शोधणाऱ्याचे डोके फिरवितो. बॅटरी ठीक ठरल्यावर इंजिनाचा वेग बेताने वाढवून खुंट्यांवर व्होल्टेज पाहावे. साधारण १३.८ ते १४.५ या दरम्यान ते स्थिरावले पाहिजे. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर लगाम सोडून बसला आहे. बॅटरी उकळून सुकते, आणि पुढे तीच कमी पडू लागल्यामुळे लोकांना चार्जिंग कमी आहे असे वाटते. दोष नेमका उलट असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे. बिघाड हजर नसताना मीटर लावून काही हाती लागत नाही. म्हणून एक तर तो येईल अशी परिस्थिती निर्माण करावयाची, नाही तर तो येईल तेव्हा मीटर जागेवर असेल अशी तजवीज करावयाची. हिवतापाच्या रोग्याच्या उशाशी जसा तापाचा तक्ता टांगतात तसाच गाडीचा ठेवावा. हँडलवर बसविण्याचे लहान व्होल्टमीटर आता स्वस्तात मिळते. ते लावून आठवडाभर गाडी नेहमीप्रमाणे चालवावी आणि थांबल्यावर एका वहीत लिहून ठेवावे: किती वाजता, कोणत्या रस्त्यावर, इंजिन थंड होते की तापलेले, दिवा लावलेला होता का, पाऊस होता का, आणि आकडा किती होता. चालविताना डोळे रस्त्यावरच हवेत, हे वेगळे सांगावयास नको.

अशी वही आठ दिवसांत जे सांगते ते कारखान्यातील तासाभराची तपासणी सांगू शकत नाही. अर्धा तास गाडी चालल्यावर आकडा हळूहळू उतरत असेल आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा पूर्ववत् होत असेल, तर संशय कॉइलवर किंवा रेग्युलेटरवर घ्यावा. कॉइलच्या तारेवरील व्हार्निश उष्णतेने दगा देते, आणि तार तापलेली असतानाच इंजिनाच्या धातूला शिवते. म्हणून कॉइलची तपासणी थंड इंजिनावर करून भागत नाही. चांगली तीस-चाळीस मिनिटे गाडी पळवून लगेच करावी. पुष्कळशा गाड्यांत कॉइलमधून तीन पिवळ्या तारा येतात. त्या रेग्युलेटरपासून सोडवून दोन दोन तारांमधील उलटसुलट प्रवाहाचे व्होल्टेज तीनही जोड्यांत पाहावे. इंजिनाच्या वेगाबरोबर ते सारखेच वाढले पाहिजे. एक जोडी मागे राहिली तर तेथे खोट आहे. मग इंजिन बंद करून त्यांपैकी कोणत्याही तारेचा इंजिनाशी संबंध नाही ना, हे पाहावे. रेग्युलेटरची गोष्ट थोडी निराळी. पुष्कळ गाड्यांत तो नको असलेली वीज उष्णतेच्या रूपाने उधळून टाकतो, त्यामुळे त्याचे तापणे स्वाभाविक आहे. पण त्याच्या पंखांवर चिखलाचे लिंपण बसले असेल, किंवा कोणी हौसेने त्याला वारा न लागेल अशा जागी हलविले असेल, तर मे महिन्याच्या दुपारी तो टेकीला येतो. चाळिशीच्या वर पारा गेलेल्या सिकंदराबादेत ही गोष्ट मुळीच दुर्मिळ नव्हे. केस वाळविण्याच्या यंत्राने त्याला ऊब देऊन आकडा उतरतो का, हे बसल्या जागी पाहता येते.

आकडा खड्ड्यागणिक उडत असेल तर सांधा सैल आहे. हँडल वळविताना उडत असेल तर गाडीच्या मानेपाशी, जेथे तारांचा जुडगा रोज शेकडो वेळा वाकतो, तेथे पाहावे. तेथील तार बाहेरून अखंड दिसते आणि आतले तांबे तुटलेले असते. अशी तार ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे: दोन बोटांत धरून हलकेच ताणावी. धड तार ताणत नाही. आतून तुटलेली रबरासारखी लांबते. इंजिन चालू ठेवून, मीटरवर नजर ठेवून, एकेक जुडगा हाताने हलवीत जाणे हा उपाय गावंढळ वाटेल. पण त्याने सापडलेले दोष अनेक किमती यंत्रांनी सापडलेले नाहीत. पावसातच आकडा पडत असेल तर जोड उघडून पाहावेत. पितळेच्या भांड्यास चढतो तसा हिरवा कळंक पत्त्यांवर चढलेला दिसेल. फ्यूजच्या घरट्यालाही विसरू नये. फ्यूज शाबूत असतो, पण त्याला धरणारी पत्ती जळून काळी झालेली असते.

दोन प्रसंगी मात्र वही असे सांगते की चार्जिंगमध्ये बिघाडच नाही. पॅराडाइजच्या चौकात लाल दिव्यापाशी आकडा उतरतो आणि गाडी पळू लागताच चढतो, तर तो इंजिनाच्या मंद गतीचा परिणाम होय. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकी गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेतो सदैव लागलेलाच राहतो. त्यात मालकाने दोन मोठे हॉर्न आणि दोन जादा दिवे बसविले, आणि दिवसभर चौकाचौकांतूनच हिंडणे असले, तर मिळकतीपेक्षा खर्च अधिक होणारच. येथे रेग्युलेटर बदलण्याऐवजी दिवे उतरवावेत. दुसरा प्रसंग अधिक फसवा आहे. गाडी चालताना आकडे उत्तम, पण चार दिवस उभी राहिली की बॅटरी खलास. येथे चार्जिंग निर्दोष असून किल्ली बंद असताना वीज कोठून तरी पाझरत असते. नऊ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून पन्नास मिलिअँपिअर पाझरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, आणि आठवड्यात बॅटरी जवळजवळ रिकामी होते. मालक गावाला जाऊन आला की गाडी रुसते, आणि तो चार्जिंगला दोष देतो. किल्ली बंद करून बॅटरीच्या ऋण तारेच्या वाटेत मीटर मिलिअँपिअरवर लावले की पाझर तत्काळ दिसतो. मीटर असे लावलेले असताना किल्ली फिरवू नये, नाही तर मीटरचाच फ्यूज जातो. चोरीच्या भीतीने बसविलेला भोंगा हा या पाझराचा नेहमीचा उगम.

तिरमलगिरीला सैन्याच्या यंत्रांची दुरुस्ती शिकविणारे मोठे महाविद्यालय आहे, आणि राणीगंजला सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या रांगा आहेत. एकाच शहरात निदानाची विद्या आणि सुट्या भागांची रेलचेल दोन्ही नांदतात. पण सामान्य मालकाची गाठ पडते ती दुसऱ्याशीच. यात मिस्त्रीलाच दोष देणे अन्यायाचे होईल. भाग बदलला की त्याचे पैसे मिळतात. तासभर तारा हलवून, जोड पुसून, शेवटी एक पत्ती दाबून बसविली, तर त्या कामाचे मोल देताना गिऱ्हाईक कुरकुरते. शोधण्याच्या वेळेची मजुरी देण्यास मालक तयार झाला, तर नको असलेली बॅटरी विकत घेण्याची त्याची पाळी टळेल. मिस्त्रीच्या हाती वही दिली तर त्याचा तो वेळही निम्म्याने वाचेल.

जुन्या डायनॅमोच्या काळात काही मिस्त्री इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून 'गाडी चालते का' हे पाहत. आजच्या गाडीवर हा प्रयोग कदापि करू नये. बॅटरी हा व्होल्टेजचा धक्का सोसणारा गादीसारखा भाग आहे. ती दूर होताच व्होल्टेज उसळून बल्ब आणि इंजिनाचा विद्युत्-मेंदू दोन्ही जळू शकतात. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून जळणारा वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ ठिणगी पडू देऊ नये. आणि मीटरचे आकडे अकारण नाचू लागले तर गाडीवर आरोप करण्यापूर्वी मीटरच्याच तारा तपासून घ्याव्यात. हलक्या मीटरच्या तारा आतून तुटतात, आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते मीटर बावचळतेही.

दोष सापडून जोड साफ केला, पत्ती बदलली, अर्थिंग घट्ट केले, म्हणजे वही लगेच मिटू नये. ज्या रस्त्यावर, ज्या वेळी, ज्या भाराखाली आकडा पडत होता त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तोच भार ठेवून आणखी पंधरा दिवस तो टिपावा. दुरुस्ती उन्हाळ्यात झाली असेल तर मृगाचा पहिला जोराचा पाऊस होऊन जाईपर्यंत व्होल्टमीटर हँडलवरून उतरवू नये.